मागच्या सीटवरचे पैलवान

अंकाचे संपादक दुकानात येऊन म्हणाले, "पोवारमामा, चौतीस वर्षं झाली तुम्ही लोकांच्या गाड्यांना चाकं घालताय. चार गमतीचे किस्से लिहा. गाडीला मोठी चाकं घालायची तर काय बघायचं, तेही सांगा. पोरं आवडीनं वाचतात." मी हो म्हणून बसलो. किस्से रग्गड आहेत. पण लिहायला बसलं की एकच गोष्ट पुढं येऊन उभी राहते, आणि तिच्यात गंमत काही नाही. लाज आहे. ती गाळून बाकीचं लिहिलं तर मलाच ते खोटं वाटेल.

आधी धंदा सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

टायरच्या कडेवर आकडे असतात. समजा १९५/५५ आर १६. लोकांना वाटतं हा कंपनीचा कसलातरी नंबर. तसं काही नाही. १९५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ५५ म्हणजे त्या रुंदीच्या पंचावन्न टक्के इतकी रबराची उंची, रिमच्या कडेपासून रस्त्यापर्यंत. आणि सोळा म्हणजे रिम सोळा इंची. आता सोळाचं रिम काढून सतराचं घालायचं असेल तर रिम वाढलं तेवढी रबराची उंची कमी करायची, म्हणजे चाकाचा एकूण घेर आधीएवढाच राहतो. हे नाही बघितलं की मीटर साठ दाखवतो आणि गाडी पळते पासष्टनं. चौथी पास माणसाला जमेल असलं गणित आहे.

दुसरा आकडा रिमच्या आतल्या अंगाला असतो, ईटी लिहून. चाक गाडीच्या आत किती बसणार आणि बाहेर किती येणार, ते हा आकडा सांगतो. आकडा जितका कमी, चाक तितकं बाहेर. ह्याच्याकडं कोणी ढुंकून बघत नाही. लोक मुलीची पत्रिका तीन ठिकाणी दाखवतील, पण रिमचा ईटी बघणार नाहीत.

आणि तिसरं म्हणजे मधलं भोक. ते गाडीच्या हबवर, चाक ज्यावर बसतं त्या गोल उंचवट्यावर, घट्ट बसायला हवं. जयसिंगपूरचे एक व्यापारी एकदा आले, गाडीला पुढं लिंबू-मिरची, मागं काळी बाहुली. म्हणाले, "गाडी ऐंशीच्या वर गेली की अंगात आल्यागत थरथरती ओ. दोन जाणकारांना दाखवली, बाधा हाय म्हणत्यात." त्यांनी रिमं ऑनलाइन मागवली होती. भोक आठ मिलिमीटर मोठं! मी शेजारच्या लेथवरून ॲल्युमिनियमच्या चार रिंगा कातून घेतल्या, हब आणि रिमच्या मधल्या फटीत बसवल्या आणि बाधा उतरवली. जाताना ते माझ्या पाया पडायला लागले. आता सांगायला काय, मी पडू दिलं. कौतुक मला पहिल्यापासून गोड लागतं. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

मला हा धंदा रसूल वस्तादांनी शिकवला. उद्यमनगरात आमच्या दुकानाला लागूनच तालीम आहे. वस्तादांचा एक नियम होता आणि तो अख्ख्या कोल्हापुरात फक्त आमच्याकडं पाळला जायचा. गाडीला कंपनीपेक्षा मोठं चाक घातलं की टायरच्या खांद्यावर, म्हणजे रस्त्याला न टेकणाऱ्या गोलाईवर, पांढरा खडू घासायचा. मग तालमीतून दोन पैलवान बोलवायचे आणि मागच्या सीटवर बसवायचे. गाडी बूड टेकल्यागत खाली बसायची. मालकाचं तोंड एवढंसं व्हायचं. तशी भरली गाडी शाळेपुढच्या गतिरोधकावरून दोनदा न्यायची, डावी-उजवी पूर्ण वळवायची आणि परत आणून खडू बघायचा. जिथं खडू पुसला तिथं चाक घासलं. घासलं की गाडी सोडायची नाही, बास. पैलवानांना एकेक लिटर धारोष्ण दूध.

लोक हसायचे. वस्ताद म्हणायचे, "हसा की. दुकानात उभी गाडी कुणाची बी चांगली दिसती. पावणंरावळं बसवून घाटात गेल्यावर बघायचं." वस्ताद गेल्यावर दुकान मी चालवलं आणि तो नियमही चालवला. एकदा सोडून.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. सम्यक कांबळे म्हणून कळंब्याचा मुलगा, एमआयडीसीतल्या एका कंपनीत डिझाईनला. त्यानं जुन्यात एक टर्बो हॅचबॅक घेतली होती. दिसायला घरगुती गाडी, पण इंजिन असं की पाय ठेवला की पाठ सीटला चिकटते. अशा गाडीला पोरं पहिली चाकं बदलतात. त्याच्याबरोबर त्याचे वडील आले होते, आनंदा कांबळे. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. एका दूध संघाचा टँकर त्यांनी एकतीस वर्षं चालवला, आणि एकतीस वर्षांत एकदाही अपघात नाही. निवृत्तीच्या दिवशी संघानं त्यांना एक बिल्ला दिला होता. घरातून बाहेर पडताना अण्णा तो खिशाला लावूनच पडायचे. त्या दिवशीही होता.

"पावणं, हितं बसू काय?" त्यांनी दुकानाबाहेरच्या बाकाकडं बोट दाखवलं.

"बसा की अण्णा, तुमचंच दुकान हाय," मी म्हणालो.

सम्यकच्या गाडीला कंपनीची १९५/५५ आर १६ होती. मी त्याला २०५/४५ आर १७ सांगितलं, ईटी पंचेचाळीसच्या रिमवर. घेर जवळपास तेवढाच, चाक थोडंसंच बाहेर, दिसायला देखणं, निर्धास्त. पण त्यानं मोबाईलमध्ये फोटो आणलेले. त्याला २१५ पाहिजे होतं, साडेसात इंच रुंद रिमवर, आणि ईटी पस्तीस. म्हणजे चाकाची बाहेरची कड आधीपेक्षा जवळजवळ तीन सेंटिमीटर बाहेर.

"मामा, चाक बॉडीच्या बरोबरीनं दिसलं पायजे. कोल्हापूरची गाडी हाय, नाद खुळा वाटाय पायजे."

"वाटंल की. पण मागं माणसं बसली की वरचा पत्रा घासणार."

"तुमच्या हातनं बसवलेलं घासंल व्हय? काय पण मामा!"

घ्या. एवढं पुरलं मला. शिवाय सम्यकचा एक मित्र होता, गाड्यांचे व्हिडिओ करणारा. तो आदल्या दिवशी फोनवर म्हणाला होता, "मामा, तुमच्यावरच रील करूया. चाकांचा बादशहा." आणि मी, छप्पन्न वर्षांचा घोडा, केसांना कलप लावून, इस्त्रीचा शर्ट घालून आलो होतो. आता लिहितानाही कानशिलं गरम होतात.

चाकं बसली. गाडी दिसायला लागली, खोटं कशाला बोलू, एक नंबर. मी खडू घासला आणि तालमीत हाक मारली. तालीम रिकामी. सगळे पैलवान जत्रेच्या मैदानाला गेले होते, परवापर्यंत येणार नव्हते. इकडं मित्र घाई करतोय, "मामा, ऊन उतरतंय. चाकांवर चमक मिळणार न्हाय." मग मी चालवायला आणि शेजारी सम्यक, असे दोघंच बसलो. सम्यक म्हणजे पन्नास किलोचा ऐवज. गतिरोधकावरून दोनदा गेलो, डावी-उजवी वळवली, आलो. खडू जसाच्या तसा.

मग व्हिडिओ. मित्रानं कॅमेरा धरला आणि म्हणाला, "त्या आजोबांस्नी जरा बाजूला घ्या, फ्रेममध्ये येत्यात." मी अण्णांना म्हणालो, "अण्णा, जरा सरका की तिकडं, पलीकडच्या अंगाला." अण्णा उठले, बाक स्वतःच उचलला आणि भिंतीकडं नेऊन बसले. मी गाडीच्या टपावर हात ठेवून कॅमेऱ्यात बघून म्हणालो, "पाच माणसं बसवा, न्हायतर सात बसवा, पोवारमामाचं चाक घासणार न्हाय!"

ती रील पुष्कळ चालली. अजून आहे. परवाच एकानं कौतुकानं दाखवली.

पंधरा दिवसांनी, रविवारी, कांबळ्यांच्या घरची मंडळी मलकापूरला निघाली. वहिनींच्या, म्हणजे सम्यकच्या आईच्या, भावानं घर बांधलं होतं, त्याचं जेवण. अण्णा चालवत होते, शेजारी सम्यक, मागं वहिनी, त्यांची थोरली बहीण आणि बहिणीचे मालक. पाच माणसं. मलकापूरच्या अलीकडं एका वळणावर मागचं डावं टायर फुटलं. गाडी फिरली आणि रस्त्याकडेच्या दगडी बांधावर डाव्या अंगानं आपटली. बाकीच्यांना खरचटण्यावर निभावलं. वहिनी डाव्या खिडकीशी बसल्या होत्या, पुढच्या सीटला धरायला त्यांनी उजवा हात घातला होता. तो हात सीट आणि दाराच्या मध्ये सापडला आणि कोपराचा चुरा झाला.

तिसऱ्या दिवशी सम्यक आणि अण्णा रिक्षातून ते चाक घेऊन माझ्याकडं आले. सम्यक म्हणाला, "मामा, बघा की, कशानं फुटलं?"

मी चाक आडवं केलं. टायरच्या खांद्यावर सगळीकडून, बांगडीसारखी, कापल्याची रेघ होती. अशी रेघ खड्ड्यानं पडत नाही, वेगानं पडत नाही. चाकावरच्या पत्र्याची कड आत दुमडलेली असते, ती सुरीसारखी असते. गाडीत माणसं भरली, गाडी खाली बसली आणि कोल्हापूरपासून मलकापूरपर्यंत प्रत्येक उंचवट्याला ती कड माझ्या टायरला कापत गेली. मला बघताक्षणी कळलं. 

अण्णांनी विचारलं, "माझ्याकडनं वळणावर जरा जास्त झालं काय ओ? चाळीसच्या आसपास हुतो बघा. पण ही गाडी कळत न्हाय किती पळती ते."

बघा, ते स्वतःच वाट काढून देत होते. आणि मी त्या वाटेनं निघालो.

"अण्णा, एखाद्या खड्ड्यात बसलं असंल. आणि ह्या टायरला रबर कमी असतंय, वळणावर जरा सावकाश घ्यावं लागतंय. टँकरची सवय तुम्हाला, ही गाडी येगळी."

अण्णा टायरवर वाकले. अंगठ्यानं त्या रेघेला हात लावला. मग म्हणाले, "व्हय. म्हंजे माझंच चुकलं." त्यांच्या खिशावर बिल्ला नव्हता.

मी ते चाक ठेवून घेतलं. गाडी गॅरेजमधून आली तेव्हा कंपनीच्या मापाची चाकं परत घातली. "हीच बरी" एवढंच बोललो. फुटलेलं टायर भंगारात द्यायला निघालो आणि दिलं नाही, माळ्यावर टाकलं. का, ते मला आजही धड सांगता येणार नाही. आपली चोरी आपल्याच घरात ठेवावी, तसं काहीतरी.

त्यानंतर मी पैलवानांशिवाय एक गाडी सोडली नाही. त्यानं काय होतंय? वहिनींचं कोपर सरळ झालं नाही ते नाहीच.

ह्या वर्षी उन्हाळ्यात सम्यक दुकानात आला. गाडी तीच. लग्न झालं, मुलगी झाली. म्हणाला, "मामा, कंपनीच्या साइजची साधी टायर द्या. पोरगी असती गाडीत." मी सहज विचारावं तसं विचारलं, "अण्णा काय म्हणत्यात?"

"अण्णांनी गाडी सोडली की. तवापास्नं स्टेअरिंगला हात लावला न्हाय. मोटरसायकलबी विकली. पोरीला घिऊन स्कूटरवर चक्कर मारा म्हटलं तर म्हणत्यात, माझ्या हातात नगो, माझ्या हाताला खोट हाय." सम्यक खाली बघत होता. "मलकापूरचा मामा सगळ्या पावण्यात सांगत सुटला, अण्णांचा डोळा लागला हुता म्हणून. अण्णा त्यावरबी काय बोलत न्हाईत. म्हणत्यात, लागलाबी असंल."

लागलाबी असंल! एकतीस वर्षं लाखो लिटर दूध एक थेंब न सांडता पोचवलेला माणूस, आपण जागे होतो की झोपलो होतो ह्याचीच त्याला खात्री राहिली नाही. आणि ती मी काढून घेतली होती, एका वाक्यात, दुकानात उभा राहून. त्या दिवशी मी सम्यकला तोंडावर सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. टायर बदलून दिली, गाडी गेली, आणि मी चार दिवस कोणाशी धड बोललो नाही. आमची मंडळी म्हणाली, "कुणाचं मयत झाल्यागत का बसलाय?" तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग हितं काय बसलाय? जावा की कळंब्याला." बायकांचं हे एक बरं असतं, त्या कारणं ऐकत बसत नाहीत.

पाचव्या दिवशी माळ्यावरून टायर काढलं, गाडीत टाकलं आणि सकाळी दहाच्या सुमाराला कळंब्याला गेलो. दार उघडंच होतं. सोप्यात वहिनी पाटावर बसल्या होत्या आणि मागं स्टुलावर बसून अण्णा त्यांची वेणी घालत होते. हात मागं जात नाही म्हटल्यावर तीन वर्षं रोज तेच घालतात, हे मला नंतर कळलं. तिपेडी वेणी, घट्ट, सरळ. मला बघून वहिनी लाजल्या, अण्णा लाजले नाहीत. "या पोवार. बसा. एवढी गाठ मारतो."

माझ्या हातात टायर. मी बसलो नाही. बसलो असतो तर आधी चहा आला असता, आणि चहा पिऊन मी परत आलो असतो, मी स्वतःला ओळखतो. उभ्यानंच सांगितलं. टायर पुढं धरलं आणि म्हणालो, "अण्णा, हे तुमच्यामुळं फुटलं न्हाय. हे माझ्यामुळं फुटलं. हे चाक ह्या गाडीला घालायचंच न्हवतं. पत्र्यानं कापलंय. मला त्याच दिवशी कळलं हुतं. मी खोटं बोललो."

अण्णांनी रिबिनीची गाठ पुरी केली. मग टायर मांडीवर घेतलं आणि अंगठा त्या रेघेवरून फिरवला, पूर्ण एक फेरा. 

"हे मी त्या दिवशीबी बघितलं हुतं," ते म्हणाले. "मला वाटलंबी, ही कापल्याची खूण हाय. पण म्हटलं, इतकी वर्षं ह्या धंद्यातला माणूस सांगतोय, आपल्याला काय कळतंय."

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मी घेतल्या असत्या, त्या घ्यायलाच गेलो होतो.  मग वहिनी बोलल्या, डाव्या हातानं उजवं कोपर धरून. "माझं हाड मोडलं त्येचं काय न्हाय ओ. पर हा माणूस तीन वर्षं धड झोपला न्हाय. झोपंला भितोय. डोळा लागला की दचकून उठतोय, गाडी कुठाय म्हणतोय. तुमास्नी एक फोन करता येत न्हवता?"

"न्हाय करता आला, वैनी," मी म्हणालो. "लाज वाटत हुती."

"आणि आम्हाला वाटायची ती?"

मी रडलो. छप्पन्न अधिक तीन, एकोणसाठ वर्षांचा माणूस लोकांच्या सोप्यात उभा राहून रडला, एवढंच लिहितो. अण्णांनी स्टूल माझ्याकडं सरकवलं, वहिनी उठून आत गेल्या आणि एका हातानं चहा करून घेऊन आल्या. चहा मी प्यालो. मग वस्तादांचा नियम सांगितला, खडू सांगितला, तालीम रिकामी होती ते सांगितलं, रीलची घाई सांगितली. काही लपवलं नाही. अण्णा टँकरवाले, त्यांना त्यातलं सगळं कळत होतं. पैलवानांचं ऐकून तर ते बारीकसे हसलेसुद्धा.

उठताना मी टायर उचलायला गेलो, तर त्यांनी हात आडवा घातला. "ऱ्हाऊ द्या हितंच. मलकापूरच्या मेव्हण्याला दावायचंय." आणि ते उचलून त्यांनी दारासमोर, येणाऱ्याला पहिल्यांदा दिसेल अशा जागी भिंतीला टेकवून ठेवलं.

मी म्हणालो, "अण्णा, आता तरी गाडी चालवाय घ्या. नातीला फिरवा."

"बघू," ते म्हणाले. ते 'बघू' म्हणजे हो नव्हतं. तीन वर्षं माझ्या एका शब्दानं मोडून पडलेलं माझ्या दुसऱ्या शब्दानं जुळेल, असं मला वाटत होतं म्हणजे मी अजून तोच चाकांचा बादशहा.

मला सोडायला ते फाटकापर्यंत आले. मी गाडीत बसलो, चावी लावली. ते खिडकीशी वाकले. काहीतरी आठवत असल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

"पोवार, एक इचारू? पैलवान न्हवते म्हणताय, ते बरोबर. पण मी तर तितंच हुतो की, बाकावर. तुम्हीच मला बाजूला सरका म्हटला. त्यापरीस म्हणायचं हुतं, अण्णा, जरा मागं बसा."